दोन चमचे इसबगोल

त्या वृद्धाश्रमात सकाळी साडेसहा वाजले हे कळायला घड्याळाची गरज नव्हती. औषधांच्या खोलीतून एकापाठोपाठ सात-आठ शिंका आल्या की समजायचं, सिस्टरने इसबगोलाचा डबा उघडला. तिसऱ्या खोलीत मास्तर राहत. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून आता ते एका खिडकीत मावेल एवढ्या भूगोलावर आले होते. ते पलंगावर पडल्या पडल्या शिंका मोजत आणि सिस्टर ट्रॉली घेऊन आली की निकाल सांगत.

"आज नऊ. सिस्टर, एकदम फॉर्मात आहात."

"तुमचे आशीर्वाद," ती म्हणायची आणि पदराने डोळे पुसत त्यांच्या हातात पेला द्यायची. "पटकन प्या, नाहीतर खीर होते त्याची."

कागदोपत्री ती सिस्टर नव्हती, मदतनीस होती. पण अकरा वर्षं रोज पहाटे येत असल्याने, कोणाचा पाय सुजलाय, कोण रात्रभर जागं होतं, कोणाच्या मुलाचा फोन आला नाही, हे सगळं तिलाच माहीत असायचं. मग सिस्टर तीच. सव्वीस जणांना रोज इसबगोल लागायचं. म्हातारपणी पोट साफ होणं यासारखं सुख नाही, यावर तिथे सगळ्यांचं एकमत होतं. पाच किलोच्या डब्यात पिठासारखी बारीक पूड यायची. ती ओट्यावर सव्वीस पेले मांडायची, प्रत्येकात दोन चमचे पूड टाकायची, वरून पाणी ओतून ढवळायची. खोलीला एकच खिडकी, आणि ती उघडली की वाऱ्याने पूड उडायची, म्हणून खिडकी बंद. ती पूड मग हवेत तरंगत राहायची आणि तिच्या नाकातोंडात जायची. पापण्यांवरसुद्धा बसायची.

पहिली काही वर्षं नुसत्या शिंका होत्या. मग डोळे चुरचुरायला लागले, मग छातीत बारीक शिट्टी वाजायला लागली. आठवड्यातून एकदा तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनी चालता चालता सांगितलं, "धुळीची अ‍ॅलर्जी," आणि एक पिवळी गोळी लिहून दिली.

धूळ कुठली, याचा शोध घरी लागला. तिचा नवरा सुतार. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. खुर्च्या-टेबलांच्या कारखान्यात तो वीस वर्षं काम करत होता.

"तुमच्या कपड्यांतला भुसा," ती म्हणाली. "दुसरं काय? मी काही सिमेंटच्या गोणीत झोपत नाही."

तेव्हापासून मिस्त्री कारखान्यातच कपडे बदलायचा, केस झटकायचा, घरी आला की आधी आंघोळ करायचा. तरी शिंका काही थांबल्या नाहीत. रविवारी मात्र ती ठणठणीत असायची. "सुटीचा गुण," असं दोघंही हसत म्हणायची. यात हसण्यासारखं काही नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी तिच्या जागी तिची धाकटी बहीण पूड कालवायची. ती त्याच वृद्धाश्रमात कपडे धुण्याच्या विभागात होती. अंगाने बारकी आणि तोंडाने अखंड चालू, म्हणून लहानपणापासून सगळे तिला चिमणी म्हणत. दोन बसथांबे पलीकडे एकटीच राहायची. थोरल्या बहिणीची मुलगी, नववीत शिकणारी, ही तिचा जीव की प्राण. मिस्त्रीचंही चिमणीशी चांगलं जमायचं. तिच्या घरातली एकूण एक फळी त्याने ठोकून दिलेली होती.

त्या वर्षी हिवाळा संपता संपता सिस्टरचा पाय घरच्या न्हाणीघरात घसरला. घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर आणि दुखण्यावर जोरदार गोळ्या. रोजची पूड चिमणीकडे गेली. इकडे गोळ्यांनी दुखणं थांबलं, पण पोटही थांबलं. चौथ्या दिवशी ती अगदी रडकुंडीला आली.

मंगळवार होता. मुलगी शाळेत गेली होती. कारखान्यातल्या मोठ्या करवतीची मोटर दुरुस्तीला गेली होती, म्हणून मिस्त्रीला अकरापर्यंत सवड होती. औषधाच्या दुकानातून आणलेलं पाकीट त्याने फोडलं, मोठ्या पेल्यात दोन चमचे टाकले, ढवळलं आणि तिच्यापुढे धरलं.

"हे काय?"

"इसबगोल."

"अहो नको. अकरा वर्षं लोकांना पाजून पाजून मला त्याचा वाससुद्धा नकोसा झालाय."

"इसबगोलला कुठे वास असतो?"

"तुम्हाला नाही येत. मला येतो."

"चार दिवस झाले," मिस्त्री म्हणाला. "तिकडे सव्वीस जणांना रोज शहाणपण शिकवतेस. स्वतःवर आलं की मात्र नखरे. तू कधी घेतलंयस तरी का?"

"कधीच नाही. मला लागलंच नाही कधी."

"मग आज घे. झाडाचं बी आहे गं ते, विष नाही. घे, माझी शहाणी."

तिने नाक मुरडून अर्धा पेला एका दमात घेतला आणि थांबली. हाताचे तळवे एकमेकांवर घासले.

"हाताला खाज का सुटली एकदम?"

"प्लास्टरमुळे असेल."

"प्लास्टर पायाला आहे," ती म्हणाली आणि हसायला गेली, पण हसू पुरतं फुटलं नाही. तिने गळ्याला हात लावला. "घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय."

मिस्त्रीने पाकीट उचलून वाचलं. भरपूर पाण्याबरोबर घ्या, नाहीतर घशात फुगण्याची शक्यता, असं त्यावर छापलं होतं. त्याला हायसं वाटलं. कारण सापडलं, उपायही तिथेच लिहिलेला.

"पाणी कमी पडलं," तो म्हणाला. त्याने उरलेल्या अर्ध्या पेल्यात वर पाणी ओतलं. "सगळं संपव, म्हणजे खाली उतरेल."

तिने नकारार्थी मान हलवली. त्याने पेला तिच्या ओठाला लावला आणि दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. तिने तो संपवला.

मग जे झालं ते फार थोड्या वेळात झालं. तिचे ओठ बघता बघता जाड झाले. मानेवर, दंडांवर तांबड्या गाठी उठल्या. तिला उलटी झाली. ती काहीतरी बोलत होती, पण आवाज तिचा राहिला नव्हता. श्वास आत घेताना करवत अडकल्यासारखा आवाज येत होता. त्याने रुग्णवाहिकेला फोन केला. पलीकडच्या बाईने विचारलं, काय झालंय? "घशात अडकलंय," तो ओरडला, "बायकोच्या घशात इसबगोल अडकलंय." त्यांनी सांगितलं, पाठीवर थोपटा. तो थोपटत राहिला. मग त्याला वाट बघवेना. त्याने तिला उचललं आणि तीन जिने उतरू लागला. प्रत्येक वळणावर तिचं प्लास्टर कठड्यावर आपटत होतं. आधी ती कण्हत होती. दुसऱ्या मजल्यावर कण्हणं थांबलं.

रुग्णवाहिका यायला सतरा मिनिटं लागली. त्यातल्या माणसाने तिच्याकडे एकदाच बघितलं आणि मांडीत इंजेक्शन दिलं. मग दुसरं दिलं. दवाखान्यात पोहोचल्यावर त्यांनी अर्धा तास तिच्या छातीवर दाब दिला. ती गेली होती.

चिमणी धावत आली तेव्हा मिस्त्री बाकावर बसला होता. शर्टावर उलटीचे डाग होते, पायात एकच चप्पल.

"काय झालं?" तिने विचारलं. "पाय मोडलेला माणूस मरतो का कधी? काय झालं, भाऊजी?"

"इसबगोल दिलं मी. दोन चमचे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "आणखी काय?"

"आणखी काही नाही."

"इसबगोलाने कोणी मरत नाही, भाऊजी. आज सकाळी सव्वीस जणांना पाजून आलेय मी. नव्वदीची माणसं पितात." मग तिने फार हळू आवाजात विचारलं, "भांडण झालं होतं का तुमचं?"

हा प्रश्न कोणी विचारू शकतं, हेच मिस्त्रीच्या डोक्यात शिरत नव्हतं. चिमणीने त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला तो लावलाच.

पोलीस आले, पाकीट घेऊन गेले, पेला घेऊन गेले, ढवळायचा चमचासुद्धा घेऊन गेले. फौजदार सभ्य होता. त्याने तेच तेच प्रश्न चार वेगवेगळ्या प्रकारांनी विचारले. शवविच्छेदनाचे नमुने तपासणीला गेले आणि निकाल यायला पाच आठवडे लागतील असं सांगण्यात आलं. त्या पाच आठवड्यांत निकाल लावायचं काम इमारतीने केलं. जिन्यात मिस्त्री दिसला की बायका दार लोटून घेत. ज्या शेजारणीने त्या दिवशी त्याच्यासाठी खालचं दार धरून ठेवलं होतं, तिनेच आता सगळ्यांना सांगितलं होतं, "तिचे ओठ निळे पडले होते. विषाने पडतात तसे."

मुलगी तीन दिवस काही बोलली नाही. चौथ्या दिवशी जेवायच्या टेबलावर तिने ताटाकडे बघत विचारलं, "बाबा, त्यात काय घातलं होतं?"

"काही नाही, बाळा. नुसतं इसबगोल."

"मावशी म्हणते, नुसत्या इसबगोलाने काही होत नाही."

"मलाही तसंच वाटत होतं," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चिमणी येऊन तिला घेऊन गेली. वह्या-पुस्तकं, गणवेश, उशीसुद्धा. मिस्त्रीने अडवलं नाही. दारात उभं राहून चिमणी म्हणाली, "निकाल येऊ दे. खोटी ठरले तर पाया पडेन तुमच्या. पण तोवर पोरीला इथे ठेवणार नाही."

तो कामाला जात राहिला. रंधा मारताना हात थांबायचा आणि त्याला तो अर्धा पेला दिसायचा. पहिल्या अर्ध्यानंतर ती मान हलवून नको म्हणाली होती. हे त्याने फौजदाराला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, आणि सांगायला त्याची जीभ वळली नव्हती. कधी कधी त्याला स्वतःचाच संशय यायचा. चमचा नीट धुतलेला होता का? लाकडाला लावायचं काही घरी आणलं होतं का आपण? त्याने घरातली सगळी कपाटं उपसली. त्याला काही सापडलं नाही.

सहाव्या आठवड्यात दवाखान्यातून बोलावणं आलं. शवविच्छेदन करणारी डॉक्टर पन्नाशीची, सावकाश बोलणारी बाई होती. समोर कागद होते.

"विष नाही," ती आधीच म्हणाली. "कुठलंही नाही. पाकिटातही नाही, पेल्यातही नाही, पोटातही नाही. पोलिसांना तसं कळवलंय. घशात काही अडकलेलंही नव्हतं. घसाच आतून सुजून बंद झाला होता. ही अ‍ॅलर्जी आहे, आणि ती इसबगोलाचीच. रक्तात स्पष्ट दिसतंय."

मिस्त्रीने मान डोलावली. आपण सुटलो असं त्याला वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही.

"मला एकच गोष्ट कळत नाही," डॉक्टर म्हणाली. "त्या नेहमी घ्यायच्या का?"

"कधीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा."

"नक्की? कारण अगदी पहिल्या वेळी असं होत नाही. शरीराची त्या वस्तूशी आधी ओळख व्हावी लागते. कुठून तरी झालेली असणार. काम काय करायच्या त्या?"

मिस्त्री सांगू लागला. वृद्धाश्रम, औषधांची खोली, डबा, सव्वीस पेले. सांगता सांगता त्याचा आवाज मंद होत गेला. त्याच्या कारखान्यात पूर्वी लेथवर लाकूड कातणारा एक कातारी होता. लालसर, वासाच्या एका लाकडावर काम केलं की त्याला दम लागायचा. बाकी कुठल्याही लाकडाचं काही नाही, तेवढंच एक. दोन वर्षं लोकांनी त्याला कामचुकार म्हणून चिडवलं होतं, आणि मग एक दिवस तो लेथवरच कोसळला होता. ही गोष्ट मिस्त्रीला माहीत होती. कित्येक वर्षं माहीत होती.

"शिंका यायच्या तिला," तो म्हणाला. "डबा उघडला की. रविवारी नाही यायच्या."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "दमही लागायचा?"

"छातीत शिट्टी वाजायची. आम्हाला वाटायचं माझ्या कपड्यांचा भुसा."

"पुडीचा धुरळा अकरा वर्षं फुप्फुसात जात होता," डॉक्टर म्हणाली. "शरीराची ओळख तिथे झाली. मग तीच वस्तू एकदम दोन चमचे पोटात गेली. असं होतं. दवाखान्यांत हे काम करणाऱ्यांना झालेलं आहे. पण याचा विचार फारसा कोणी करत नाही, कारण…"

"झाडाचं बी आहे म्हणून," मिस्त्री म्हणाला.

तो उठला आणि दारापर्यंत गेल्यावर थांबला. मागे वळून तो म्हणाला, "आता तिच्या जागी तिची बहीण ते काम करते. तीन वर्षं दर रविवारी करायची, आता रोज. तीही शिंकते."

डॉक्टरने त्याला बसायलाही सांगितलं नाही. कागदावर चार ओळी लिहिल्या, शिक्का मारला. "आजच द्या तिला. आणि सांगा, थेंबसुद्धा तोंडात घालायचा नाही."

वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून टेबलावर ठेवला. चिमणीला त्यांनी बोलावून घेतलं होतं. ती दाराशीच उभी होती, ओल्या हातांनी.

"तुमचं दुःख मी समजू शकते," व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "पण बघा, इथे सव्वीस जण रोज पितात. नैसर्गिक वस्तू आहे. उद्या ही बातमी पसरली तर लोक औषधं घ्यायची बंद करतील."

"पिणाऱ्यांना काही नाही होत," मिस्त्री म्हणाला. "कालवणाऱ्याला होतं."

"अकरा वर्षांत तिने एकदाही तक्रार केली नाही."

"रोज करायची. शिंकून."

चिमणी कागदाकडे बघतही नव्हती. "त्या डॉक्टरीण बाईंना काय सांगून आलात, भाऊजी? ताई शिंकायची, हे तुम्हीच सांगितलंत ना? म्हणजे तुमचं ऐकून त्यांनी लिहिलं."

"रक्तात आलंय, चिमे."

"मला चिमे म्हणू नका."

बोलणं तिथेच संपलं. व्यवस्थापक बाईंनी विचार करू, असं सांगितलं आणि मिस्त्रीला दारापर्यंत सोडायला स्वतः उठल्या.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला तो पुन्हा तिथे होता. वॉचमन त्याला ओळखत होता, आश्रमाची निम्मी दारं मिस्त्रीनेच बसवलेली. औषधांच्या खोलीतून शिंका ऐकू येत होत्या. तो आत गेला तेव्हा चिमणी ओट्याशी उभी होती. सव्वीस पेले मांडलेले, खिडकी बंद, आणि दिव्याच्या उजेडात पांढरट धुकं तरंगत होतं. तिचे डोळे लाल झाले होते, नाकावर रुमाल होता.

"किती दिवस असं होतंय?" त्याने विचारलं.

"सर्दी झालीय. जा इथून."

"रविवारपुरती करायचीस तेव्हाही होत होती ही सर्दी?"

"भाऊजी, जा. मी आरडाओरडा करेन."

"कर. पण आधी ऐक. एवढंच ऐक."

बाहेर कुबडीचा आवाज झाला. मास्तर दारात येऊन उभे होते, पायजम्यातच. "तो खोटं बोलत नाहीये, पोरी," ते म्हणाले. "तुझी बहीण सुटीवरून आली की पहिल्या दिवशी चार शिंका. मग वाढत वाढत शनिवारी नऊ-दहा. अकरा वर्षं मोजल्यात मी. मला वाटायचं गंमत आहे." ते कुबडीवर रेलले. "गंमतच करत राहिलो."

चिमणीचा चेहरा कसनुसा झाला. क्षणभर वाटलं की ती ऐकेल. पण दीड महिना तिने ज्या एका गोष्टीच्या आधारावर काढला होता, ती सोडायची म्हणजे हाती काय राहणार होतं? कोणीतरी दोषी असायला हवं होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मी आत्ता पिते. तुमच्या सगळ्यांसमोर. मेले तर तुम्ही खरे."

तिने समोरचा पेला उचलला.

मिस्त्रीने विचार केला नाही. त्याने हात फिरवला. पेला तिच्या हातातून उडून ओट्यावर आपटला आणि सगळं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत सांडलं. तिच्या बोटांनाही लागलं असणार, कारण ती कळवळली. मास्तर ओरडले. दोन मदतनीस बायका धावत आल्या, त्यांनी मिस्त्रीचे दंड धरले.

"बघितलंत?" चिमणी म्हणाली. "हात उचलला माझ्यावर. आता तरी दिसलं सगळ्यांना?"

ती ओला हात फडक्याने पुसू लागली. पुसता पुसता थांबली, आणि मग खाजवू लागली. मनगटापासून कोपरापर्यंत, जिथून जिथून ते बुळबुळीत पाणी ओघळलं होतं, तिथे तिथे कातडी फुगून वर येत होती. तांबड्या कडांच्या पांढुरक्या गाठी, एकीत एक मिसळत. तिने हात दिव्याखाली धरला. दीड महिन्यापूर्वी शवागारात तिने बहिणीची मान आणि दंड बघितले होते. त्यावरच्या अशाच गाठी तेव्हा पुरत्या विरल्या नव्हत्या.

"धुऊन टाक," मिस्त्री म्हणाला. "साबणाने. लगेच."

तिने हात नळाखाली धरला. तोच हात धरून ती मटकन खाली बसली आणि तोंडातून आवाज न काढता रडू लागली. मिस्त्रीचे दंड अजून त्या बायकांच्या हातात होते. तो म्हणाला, "खिडकी उघडा आधी कोणीतरी."

त्याच दिवशी दवाखान्यात तिची तपासणी झाली. डॉक्टरने सुईच्या टोकाएवढा थेंब तिच्या हातावर टोचला. पंधरा मिनिटांत तिथे रुपयाच्या नाण्याएवढी गाठ उठली. "तो पेला प्यायला असतात," डॉक्टर म्हणाली, "तर आपली भेट झाली असती, पण खालच्या मजल्यावरच्या शवागारात."

वृद्धाश्रमात लगेच काही बदललं नाही. डबा एका नव्या बाईकडे गेला आणि तिला नाकाला फडकं बांधायला सांगण्यात आलं. मग डॉक्टरने आरोग्य खात्याला पत्र लिहिलं, तिथून एक माणूस आला, खोली बघून गेला. महिनाभराने पुडीऐवजी गोळ्या आल्या. व्यवस्थापक बाईंनी त्या प्रकरणावर लेखी अहवाल तयार केला. चिमणीने तो वाचायला मागितला. त्यात हवा खेळती नसणे, पूड, खबरदारी, सगळं होतं. बहिणीचा उल्लेख कुठेच नव्हता.

"तिचं नाव का नाही?" चिमणीने विचारलं.

"तिचा मृत्यू घरी झाला," व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "इथे नाही."

चिमणीने तिथली नोकरी सोडली. मिस्त्रीची माफी मागणं मात्र तिला जमेना. पाया पडेन म्हणाली होती, पण आता त्याच्यासमोर उभंही राहवत नव्हतं. शेवटी एका शनिवारी दुपारी ती मुलीला घेऊन त्याच्या घरी आली. मुलीच्या हातात एक लहान पिशवी होती, दोन दिवसांच्या कपड्यांपुरती.

"हिला सगळं सांगितलंय मी," चिमणी म्हणाली. "माझ्या हाताचंही." आणि ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. मिस्त्रीने भांडी आधीच घासलेली होती.

मुलगी टेबलाशी बसली. बराच वेळ तिने टेबलाची कड नखाने खरवडली.

"बाबा, आई काय म्हणाली होती? प्यायल्यावर?"

त्याला वाटलं, आता हे टाळता येईल. डॉक्टरने लिहून दिलं होतं, पोलिसांनी फाइल बंद केली होती, जगाच्या लेखी तो सुटला होता. हा एक अर्धा पेला तो एकटा सोबत नेऊ शकला असता.

"म्हणाली, हाताला खाज सुटलीय. मग म्हणाली, घशात अडकल्यासारखं वाटतंय."

"मग?"

"तेव्हा अर्धाच प्यायली होती. मी त्यात आणखी पाणी ओतलं. ती नको म्हणाली. मी पेला तोंडाला लावला आणि सगळं प्यायला लावलं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"नाही."

"मावशीला?"

"नाही. आत्ता ऐकलं असेल तिने."

"मग मला का सांगितलंत?"

"तू विचारलंस."

मुलीने मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते, पण ती रडत नव्हती, दात घट्ट आवळून श्वास घेत होती. मिस्त्रीला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. त्याने ठेवला नाही.

"अर्धाच प्यायली असती तर वाचली असती?"

"डॉक्टरांना विचारलं मी. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. कदाचित नाही. कदाचित हो."

मुलीने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"मी शनिवार-रविवार येईन," ती म्हणाली. "बाकीचे दिवस मावशीकडे. एकदम नाही जमणार मला."

"बरं."

"आणि आज राहत नाही. पुढच्या वेळी राहीन."

"बरं," मिस्त्री म्हणाला.

चिमणी बाहेर आली. तिने त्याच्याकडे बघितलं. या वेळी नजर चुकवली नाही. मिस्त्रीने चपला घातल्या, मुलीच्या हातातून पिशवी घेतली आणि दोघींच्या मागोमाग जिना उतरला. बसथांब्यावर तिघं ओळीने उभी राहिली. बस यायला वेळ लागला.